केसांचा गोळा: आधी औषध, मग दुखणे

मांजर पाळणाऱ्या पेशंट मंडळींकडून हल्ली एक प्रश्न हमखास येतो. मांजराने सकाळी सकाळी सतरंजीवर केसांचा ओला, लांबट गोळा ओकला, आता त्याला काय द्यायचे? चमचाभर तूप? व्हॅसलीन? इसबगोल? मी माणसांचा डॉक्टर, त्यामुळे मांजराचा डोस सांगणे माझे काम नाही. पण या घरगुती उपायांना मोठा गमतीदार इतिहास आहे आणि तो कळला की कोणता उपाय चालेल आणि कोणता जिवावर बेतेल, हेही बरेचसे कळते.

पोटात न पचलेल्या वस्तू साचून जो घट्ट गोळा होतो, त्याला वैद्यकात 'बेझोआर' म्हणतात. केसांचा असेल तर 'ट्रायकोबेझोआर'. मूळ शब्द फारसी, 'पादजहर'. जहर आपल्या ओळखीचे आहेच; 'पाद' म्हणजे रक्षण करणारा. विषापासून वाचवणारा, असा त्याचा अर्थ. इराणच्या डोंगरांत राहणाऱ्या रानबकऱ्यांच्या पोटात केसाभोवती किंवा काडीभोवती क्षारांचे थर बसत जातात आणि गुळगुळीत खडा तयार होतो. हा खडा उगाळून प्यायला की कोणतेही विष उतरते, असा अरब आणि इराणी हकिमांचा समज होता. तो पुढे युरोपातही पोहोचला. (आपले गोरोचन वेगळे. तो गुरांच्या पित्ताशयातला खडा, त्यात केसांचा संबंध नाही.)

या व्यापाराचा एक रस्ता गोव्यातून जात होता. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे. तिथेच १५६३ साली छापलेल्या त्याच्या औषधींवरच्या पुस्तकात या खड्याची माहिती आहे. मागणी इतकी वाढली की खरे खडे पुरेनात. मग सतराव्या शतकात गोव्यातल्या जेझुइट पाद्र्यांनी कृत्रिम खडे बनवायला सुरुवात केली. गास्पार आंतोनियो नावाच्या धर्मबंधूचे नाव या कृतीशी जोडले जाते. बेझोआर, कस्तुरी, अंबर, मोत्यांची आणि रत्नांची पूड असे सगळे एकत्र करून गोळा वळायचा आणि त्याला सोन्याचा मुलामा द्यायचा. 'गोवा स्टोन' या नावाने हे गोळे युरोपात विकले जात. श्रीमंत लोक ते सोन्याच्या जाळीदार डब्यांत ठेवत. असा एक डबा न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आजही आहे. ज्या वस्तूचे भावंड आपण नाक मुरडून कागदात गुंडाळतो, तिला एकेकाळी सोन्याचे घर होते!

जिथे पैसा, तिथे फसवणूक आलीच. लंडनमध्ये एका सोनाराने बेझोआर म्हणून १०० पौंडांना खडा विकला. तो खोटा निघाला आणि गिऱ्हाईक कोर्टात गेले. १६०३ मध्ये निकाल सोनाराच्या बाजूने लागला. त्याने 'हा बेझोआर आहे' असे नुसते म्हटले होते, हमी दिली नव्हती! 'घेणाऱ्याने बघून घ्यावे' या तत्त्वासाठी कायद्याचे विद्यार्थी हा खटला अजून शिकतात.

खडा खरा असला तरी उपयोग होतो का, हे त्याआधीच एकाने तपासले होते. फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स याच्याकडे असा खडा होता. राजाचा सर्जन आम्ब्रुआझ पारे याचे मत पडले की प्रत्येक विष वेगळ्या तऱ्हेने काम करते, तेव्हा सगळ्यांवर एकच उतारा असूच शकत नाही. चांदीची भांडी चोरल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेला एक स्वयंपाकी प्रयोगाला तयार झाला. वाचला तर सुटका. त्याला विष दिले आणि लगेच बेझोआर पाजला. सात तास तडफडून तो मेला. पारेने शवविच्छेदन केले, पोट आतून भाजल्यासारखे झालेले त्याने पाहिले. आज असा प्रयोग करणारा डॉक्टर तुरुंगात जाईल, आणि जायलाच हवा. पण पारेचा प्रश्न बिनतोड होता, आणि मांजराच्या औषधांनाही तो लागू पडतो: नेमके काय बिघडले आहे, आणि हा उपाय तिथे काय करणार?

मांजराची जीभ खरखरीत लागते, कारण तिच्यावर आतल्या बाजूला वळलेले बारीक काटे असतात. अंग चाटताना सुटलेले केस त्यांत अडकतात. ते थुंकता येत नाहीत, म्हणून गिळले जातात. बहुतेक शौचावाटे निघून जातात, उरलेले जठरात गोळा होतात. मांजराचा रानटी पूर्वज आखूड केसांचा होता, त्याला याचा त्रास बेताचाच. लांब केसांच्या मांजरांची हौस माणसाची. पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशाने सतराव्या शतकात इराणमधल्या अशा मांजरांचे कौतुक लिहून ठेवले. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले आणि मग जातिवंत मांजरांचे वेडच लागले. आज पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये दिसणारे 'पर्शियन' त्याच हौसेचे वारस. म्हणूनच मला सर्वांत पटणारा उपाय औषधाचा नाहीच: रोज कंगवा करा. जो केस कंगव्यात आला, तो पोटात जात नाही.

आता तूप. गोळा 'घसरून' जावा ही कल्पना. पण तूप आणि खाद्यतेल लहान आतड्यात पचून शोषले जाते, पुढे वंगण म्हणून फारसे उरतच नाही. जास्त दिले तर जुलाब मात्र होतात. व्हॅसलीन पचत नाही. अमेरिकेतल्या रॉबर्ट चेसब्रो याने खनिज तेलाच्या विहिरींवरच्या चिकट मेणापासून ते बनवले, १८७२ मध्ये पेटंट घेतले. ते मांजराच्या पंजाला लावून चाटू द्यायचे, ही पुढे रूढ झालेली युक्ती. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच 'हेअरबॉल पेस्ट' त्याच तत्त्वावर चालतात. अधूनमधून चालते, रोज दिले तर अ, ड, ई, के या जीवनसत्त्वांच्या शोषणात अडथळा येऊ शकतो.

पण पातळ पॅराफिन तेल सिरिंजने तोंडात कधीही ओतू नका. त्याला चव नसते, ते घशाला बोचत नाही, त्यामुळे ठसका न लागताच फुफ्फुसात उतरू शकते. यातून होणाऱ्या न्यूमोनियाचे वर्णन लाफलेन यांनी १९२५ मध्ये माणसांमध्ये केले, त्यांत लहान मुलेही होती. मांजरांतही तो होतो.

इसबगोल पाणी धरून फुगते आणि मळाबरोबर केस पुढे सरकायला मदत करू शकते. मात्र ते कोरडे देऊ नये, आणि प्रमाण पशुवैद्यांना विचारूनच ठरवावे.

पोट बिघडले म्हणून दूध देणे ही आपली जुनी सवय. पण मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब वाढतात. कांदा-लसणाची फोडणी दिलेले वरण किंवा सूप नको, त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. आणि पॅरासिटामॉल तर मुळीच नाही. ते निष्प्रभ करणारी यकृतातली यंत्रणा मांजरात जवळजवळ नसतेच. आपल्याला साधी वाटणारी ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ओव्याचा अर्क देऊ नये, त्याचेही कारण हेच.

कधीतरी एखादा गोळा पडला आणि मांजर पुन्हा खेळू-खाऊ लागले, तर घाबरू नका. मांजर वारंवार ओकते, वजन उतरते आहे, तर 'केस असतील' म्हणून सोडून देऊ नका. आतड्याचा जुना दाह, थायरॉइड किंवा मूत्रपिंडाचा आजार असा लपून राहतो. एक दिवस काहीच खाल्ले नाही, ओकाऱ्या काढते पण काही पडत नाही, शौच बंद, पोट फुगलेले किंवा दुखरे असेल, तर आतडे अडलेले असू शकते. त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जा. आणि मान पुढे ताणून, जमिनीशी दबून मांजर खोकल्यासारखे करते पण गोळा कधीच पडत नाही, असे असेल तर मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून न्या. पुष्कळदा तो दमा असतो. त्याचा पोटाशी काहीच संबंध नसतो.