पापा, बाबा, मामा

आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता म्हणून बघा: पापा, बाबा, मामा. ओठ तिन्ही वेळा अगदी सारखेच मिटतात आणि उघडतात. आता 'काका' म्हणा. ओठ मिटतच नाहीत, कारण 'क' तयार होतो तो आत, घशापाशी. ज्या मुलाला ऐकू येत नाही आणि ज्याची सगळी भिस्त समोरच्याच्या ओठांवर आहे, त्याला आपल्या बोलण्यातलं किती दिसत असेल, याचा अंदाज एवढ्यावरून यावा. बाकीचं ते मूल प्रसंगावरून ताडत असतं.

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. वर्णमालेचा क्रम पाठ करून घेताना कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य हे सांगायचे. आपल्या जुन्या वैयाकरणांनी काय बारकाईनं पाहिलं होतं! एका वर्गातली पाचही अक्षरं तोंडात एकाच जागी तयार होतात. फरक असतो तो कंठातल्या कंपनाचा, श्वासाच्या जोराचा आणि नाकातून जाणाऱ्या हवेचा. हे तिन्ही डोळ्यांना दिसत नाहीत, पण हाताला कळतात. म्हणून कर्णबधिर मुलांचे शिक्षक मुलाचा हात आपल्या गळ्यावर ठेवतात, म्हणजे 'प' आणि 'ब' मधला फरक कळतो. तोंडासमोर कागदाची पट्टी धरतात, 'ख' म्हटलं की ती हलते. 'म' साठी बोट नाकावर. आपली वर्णमाला या शिक्षकांच्या हातात आयता नकाशाच आहे म्हणा ना!

पण नकाशा म्हणजे गाव नव्हे. उच्चार म्हणजे भाषा नव्हे.

हे आज लिहायला कारण घडलं. आमच्या नात्यातल्या एका दीड वर्षाच्या चिमुरडीला श्रवणयंत्र लागलं आहे. दिवाळीत सगळे जमलो तेव्हा जो तो तिच्या आईला बजावत होता, "खुणा अजिबात शिकवू नकोस गं, मग ती बोलायचीच नाही." सांगणारे सगळे मायेनंच सांगत होते. पण मंडळी, हे वाक्य आपलं नाही. ते एकशे चाळीस वर्षांपेक्षा जुनं आहे आणि फार लांबून आलेलं आहे.

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये लेपे नावाच्या धर्मगुरूनं खुणांचा आधार घेऊन बहिऱ्या मुलांची शाळा चालवली. जर्मनीत हाइनिके यांनी १७७८ मध्ये लाइपझिगला शाळा काढली, ती बोलण्यावर भर देणारी. दोन्ही पंथ शंभर वर्षं भांडत राहिले. मग सप्टेंबर १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात या विषयाच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिथे १६० विरुद्ध ४ मतांनी ठरलं की, बोलणं हेच श्रेष्ठ. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते! पुढे कितीतरी देशांतल्या शाळांच्या वर्गांतून खुणा हद्दपार झाल्या आणि स्वतः बहिरे असलेले शिक्षकही कमी होत गेले.

आपल्या देशातली पहिली अशी शाळा मुंबईत निघाली, बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकारानं, १८८५ च्या सुमारास. म्हणजे मिलानचा ठराव ताजा असतानाच. पुढे आपल्याकडच्या शाळांतही बोलण्यावरच भर राहिला. पण वर्गात जे चालत नव्हतं ते मैदानात आणि वसतिगृहात चालूच होतं. मोठी मुलं लहानांना खुणा शिकवत होती. १९६० मध्ये अमेरिकेत विल्यम स्टोकी यांनी दाखवून दिलं की, खुणांनाही स्वतःचं व्याकरण असतं. १९७० च्या दशकात मदन वशिष्ठ (हे मूळचे हिमाचल प्रदेशातले, स्वतः कर्णबधिर) आणि जेम्स वुडवर्ड यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई, बंगळूर इथल्या खुणांचा अभ्यास केला. ही खरीखुरी भारतीय भाषा आहे, हे तेव्हा पुढे आलं. गंमत म्हणजे तिच्यात प्रश्नार्थक शब्द वाक्याच्या शेवटी येतो, आपल्या 'तुझं नाव काय' सारखा!

२०१० मध्ये व्हँकुव्हरला त्याच परिषदेनं मिलानच्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. १३० वर्षांनी! आपल्याकडे २०१५ मध्ये दिल्लीत सांकेतिक भाषेचं राष्ट्रीय केंद्र निघालं. २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा त्यांचा कोश आला, तो २०२१ पर्यंत १०,००० शब्दांवर गेला. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही या भाषेचा उल्लेख आहे.

आता वर्गातलं सांगते. शिक्षकानं फळ्याकडे तोंड करून बोलू नये. पाठीशी खिडकी ठेवून उभं राहू नये, चेहरा अंधारात जातो. नवा शब्द आधी लिहावा, मग बोलावा. आणि विभक्तीचे प्रत्यय! 'रामाने रावणाला मारले' आणि 'रामाला रावणाने मारले' यात फरक फक्त 'ने' आणि 'ला' चा. हे प्रत्यय आपण बोलताना गिळतो, त्यामुळे ते ना नीट ऐकू येतात ना ओठांवर दिसतात. तेवढ्यावर अख्खं रामायण उलटं होतं! असं वाक्य दोन मुलांना उभं करून, करून दाखवावं आणि प्रत्यय रंगीत खडूनं लिहावेत.

पण हे सगळं व्हायला मुलाजवळ आधी कुठली तरी एक भाषा हवी. पहिली काही वर्षं भाषेविना गेली तर पुढे भरून काढणं फार कठीण जातं. खुणांमुळे बोलणं खुंटतं, याला आधार नाही. श्रवणयंत्र, बोलणं, खुणा, चित्रं, जे जे हाताशी असेल ते सगळं द्यावं. भुकेल्या मुलाला आपण 'आधी भात की आधी भाकरी' असा वाद घालत उपाशी ठेवतो का?

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, याचा आपल्याला केवढा अभिमान आहे. पण मूल वर्गात आलं आणि शिकवलेलं त्याच्यापर्यंत पोचलंच नाही, तर ते शाळेत असूनही बाहेरच राहतं.

तेव्हा वहिनी, काकू, मामा, सगळ्यांना विनंती, त्या आईला बजावणं आता पुरे. त्यापेक्षा 'ये', 'जेव', 'दूध', 'आजी', 'दुखतंय का' एवढ्या पाच खुणा आपणच शिकून घेऊ. त्या सांकेतिक भाषेच्या कोशाचे व्हिडिओ इंटरनेटवर फुकट आहेत. मी तीन शिकले. 'दुखतंय का' अजून जमायची आहे.