भिडू, दान आणि कच्चं लिंबू

खेळांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा पट, सोंगट्या आणि फासे यांच्या मागे जातो. या वस्तू टिकतात, संग्रहालयात ठेवता येतात. पण आजी आणि नात एकाच डावाला बसतात तेव्हा घरात जे नियम लागू होतात, ते कोणत्याही दप्तरात सापडत नाहीत. मला त्या नियमांचा मागोवा घ्यायचा आहे, आणि त्यासाठी भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) हे तालुके फार सोयीचे आहेत.

नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी या नद्यांची ही खोरी. डोंगर फार, भातखाचरे थोडी. म्हणून इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबई-पुण्याला कामाला गेली. उन्हाळ्यात खाचरे रिकामी असतात, शाळांना सुटी असते, गावोगाव यात्रा भरतात आणि ‘मुंबईकर’ घरी येतात. भाटघर धरणाचे पाणी ओसरून वेळवंडचे कांबरेश्वराचे देऊळ उघडे पडते, तेही याच दिवसांत. सुटीतला हा खेळ आपण एकत्र कुटुंबाची जुनी रीत समजतो. खरे तर शाळा आणि नोकरी यांनी विखुरलेल्या कुटुंबाने पुन्हा एकत्र बसण्यासाठी केलेली ती सोय आहे.

सत्तर वर्षांचे आणि सात वर्षांचे माणूस एकाच डावात कसे मावते? मला तीन युक्त्या दिसतात. पहिली दानाची. कवड्या कशा पडतील ते वयावर ठरत नाही, त्यामुळे नातवंडाला मोठ्यांवर मात करण्याची खरी संधी मिळते. दुसरी भिडूची. सोंगट्यांच्या पटावर ९६ घरे, १६ सोंगट्या आणि चार खेळाडू. पण समोरासमोरचे दोघे एका पक्षाचे. आपल्या चारही सोंगट्या घरात पोचल्या तरी डाव संपत नाही, भिडूच्याही पोचाव्या लागतात. साहजिकच जाणता खेळाडू नवख्याला शिकवतो, कारण त्यात त्याचाही फायदा असतो. तिसरी युक्ती कच्च्या लिंबाची. धाकट्याला डावात घ्यायचे, पळू द्यायचे, पण त्याच्यावर राज्य द्यायचे नाही.

इंग्लंडमध्ये १८९६ साली पचिसीवरून बेतलेल्या लुडोचे पेटंट घेतले गेले. कवड्यांच्या जागी एक फासा आला आणि प्रत्येक जण स्वतःपुरता खेळू लागला. दान उरले, भिडू गेला. हाच लुडो पुढे छापील पुठ्ठ्यावर आपल्या घरांत परतला. भिडूला आसरा मिळाला तो पत्त्यांत. मेंढीकोटात दोघांविरुद्ध दोघे बसतात, चार दश्श्या म्हणजे मेंढ्या मिळवायच्या, चारही एकाच पक्षाकडे गेल्या की समोरच्यांवर कोट. आजोबा आणि नात एका पक्षाला आले की उतारी चुकल्यावर डोळे वटारले जातात, आणि पुढच्या हाताला कोणता हुकूम राखून ठेवायचा तेही कळते.

मैदानात उलटे घडले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४च्या सुमारास खो-खोचे नियम बांधले. त्यातून खेळाला शिस्त आली, स्पर्धा आल्या. पुढे किशोर, कुमार, पुरुष, महिला असे गटही आले. स्पर्धेत न्याय हवा तर हे गट हवेतच. पण नियमांच्या पुस्तकात कच्च्या लिंबाला कलम नसते. वयांची सरमिसळ अंगणापुरती आणि पडवीपुरती उरली.

आता पडवीही दुर्मीळ होत आहे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२०मध्ये आले. पानशेत, वेल्हे, भोर परिसरात शहरी कुटुंबे दोन दिवसांसाठी मुक्कामाला येतात. मुलांसाठी झोके, तरुणांसाठी दोरीवरचे खेळ, वडीलधाऱ्यांसाठी सावलीतल्या खुर्च्या, अशी वाटणी सहज होऊन जाते. तक्रार करावी असे त्यात काही नाही. फक्त खुर्चीतल्या आजीला भिडू उरत नाही.

सागरगोटे कितीला झेलायचे, पहिले दान कोणते पडले की सोंगटी बसते, कच्चं लिंबू कितव्या वर्षी पिकते, याचे उत्तर घरोघर वेगळे असते. शाळकरी नातवंडांनी ते सुटीत आजीकडून शिकायचे, मधल्या पिढीने कामाला जायचे, अशी ही परंपरा चालत आली. ती लिहून ठेवणारे दफ्तर कधीच नव्हते. या दिवाळीत घर भरलेले असेल, तर डाव मांडा. आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाने सांगितलेले नियम वहीत उतरवून घ्या. इतिहासाला तेवढाच कागद मिळेल.