फंडस बघा

कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआरमध्ये, मी डोळ्यांच्या विभागात उमेदवारी करत होतो तेव्हा मेडिसिनच्या वॉर्डातून चिठ्ठ्या यायच्या : ‘फंडस बघा’, म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा, रेटिना, तपासा. खाटेवर रक्तदाब चढलेला, अंगावर सूज आलेला रोगी. बाहुली मोठी करणारे थेंब घालून ऑप्थॅल्मोस्कोप लावला की एखादा विचारायचाच, ‘‘दुखणं किडनीचं हाय, अन् डोळं कशाला बघायलाय वो?’’

प्रश्न रास्त होता. लंडनच्या गायज हॉस्पिटलात रिचर्ड ब्राइटनं 1827 साली अंगावरची सूज, लघवीतून जाणारं प्रथिन आणि बिघडलेली मूत्रपिंडं यांची सांगड घातली. लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवायची. साकळली की प्रथिन आहे. अशा रोग्यांची नजर जाते हे दिसत होतं, पण जिवंत डोळ्याच्या आत बघणार कसं? ती सोय हेल्महोल्ट्झच्या ऑप्थॅल्मोस्कोपनं 1851 मध्ये केली. 1859 मध्ये लीब्राइखनं मूत्रपिंडाच्या रोग्यांचा रेटिना कसा दिसतो ते लिहून ठेवलं. सुजलेला पडदा आणि पांढऱ्या ठिपक्यांची चांदणी, जी आम्हालाही सापडायची. 1939 मध्ये मेयो क्लिनिकच्या कीथ, वॅगनर, बार्कर यांनी रक्तदाबाच्या रोग्यांचे रेटिना पाहून चार गट पाडले. चौथ्यातले बहुतेक वर्षभरात दगावत. चिठ्ठी पाठवणाऱ्याला खरं तर नजरेची नव्हे, आयुष्याची चौकशी करायची असे. हे रोग्याला कोण सांगणार?

चांदणी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आता यंत्र ती उमटण्याआधीच आजार ओळखू पाहतंय. 2020 मध्ये सिंगापूरच्या सबनायगम आणि सहकाऱ्यांनी तिथल्या चिनी, मलाय, भारतीय वंशाच्या लोकांचे रेटिनाचे फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेला दाखवून किडनीचा जुनाट आजार ओळखायला लावला. 1 म्हणजे बिनचूक आणि 0.5 म्हणजे छापा-काटा, अशा मापावर यंत्राला 0.911 मिळाले. छान. पण वय, लिंग, वंश, मधुमेह, रक्तदाब एवढीच माहिती घेऊन केलेल्या हिशेबाला मिळाले 0.916! बाहेरच्या एका गटावर तर यंत्र 0.733 वर घसरलं. बातम्यांत हे आकडे शेजारी-शेजारी सहसा दिसत नाहीत.

तरीही मी नाक मुरडणार नाही. मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यांत डॉ. एस. नटराजन यांच्या चमूनं स्मार्टफोनवर, इंटरनेटविना चालणाऱ्या यंत्राकडून मधुमेहींचे रेटिना तपासून घेतले; तो अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. तोच फोटो उद्या किडनीसाठीही वाचता आला तर गगनबावड्याच्या म्हातारीचा एक हेलपाटा वाचेल. मात्र यंत्रानं बोट दाखवलं की रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन यांची तपासणी त्याच दिवशी, तिथल्या तिथं व्हायला हवी. नाहीतर तिला पुन्हा एक चिठ्ठी घेऊन कोल्हापूरची एसटी धरावी लागणार.