डिझेल पिकअपच्या टाकीत ॲडिटिव्ह घालावे का?

टेक्सास किंवा कोलोरॅडोत स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाने ट्रॅव्हल ट्रेलर ओढण्यासाठी डिझेल पिकअप घेतली, की पहिल्या काही महिन्यांतच एक प्रश्न समोर उभा राहतो. सुट्या भागांच्या दुकानात पांढऱ्या, करड्या आणि लाल बाटल्यांची रांग असते. शेजारी सांगतो, प्रत्येक टाकीबरोबर बाटली घातल्याशिवाय इंजिन टिकत नाही. पुण्यात आयुष्यभर डिझेल गाडी चालवलेले वडीलधारे फोनवर सांगतात, हे सगळे थोतांड आहे. दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, आणि त्याचे कारण इंधनाच्या प्रमाणकांत दडलेले आहे.

भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ प्रमाणकानुसार डिझेलचा सीटेन अंक किमान ५१ असावा लागतो. अमेरिकेच्या एएसटीएम डी९७५ या प्रमाणकात तो किमान ४० आहे. वंगणक्षमतेचीही तीच गोष्ट. चाचणीत पोलादी गोळी डिझेलमध्ये बुडवून पोलादी चकतीवर घासली जाते आणि गोळीवर पडलेला झिजेचा व्रण मोजला जातो. भारत आणि युरोपात हा व्रण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही. अमेरिकेत ५२० पर्यंत चालतो. फरक साठ मायक्रॉनचा, साधारण माणसाच्या केसाच्या जाडीएवढा. डोळ्याला तो दिसत नाही, पण इंजेक्शन पंप बनवणाऱ्या कंपन्यांची मागणी ४६० चीच आहे. त्यामुळे पुण्याचा अनुभव डॅलसला जसाच्या तसा लागू पडत नाही.

वंगणक्षमतेचा प्रश्न निर्माण झाला तो गंधक काढून टाकल्यामुळे, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. अमेरिकेत २००६ पासून रस्त्यावरील वाहनांसाठी दहा लाखांत १५ भागांपेक्षा कमी गंधक असलेले डिझेल आले. त्याआधीची मर्यादा ५०० ची होती. गंधक स्वतः वंगण नाही. मात्र ते काढण्यासाठी शुद्धीकरण कारखान्यात हायड्रोजनची जी प्रक्रिया केली जाते, तीत नैसर्गिक वंगणाचे काम करणारी इतर संयुगेही नष्ट होतात. ही उणीव भरून काढण्यासाठी पुरवठ्याच्या साखळीतच वंगणवर्धक मिसळले जाते. म्हणजे पंपावरचे डिझेल मुळातच ‘ॲडिटिव्ह घातलेले’ असते. प्रश्न उरतो तो त्यावर आणखी भर घालावी का, एवढाच.

याचे उत्तर बहुतांशी बॉनेटखाली कोणता पंप आहे यावर ठरते. बॉशचा जुना सीपी३ हा तीन पिस्टनचा पंप दणकट म्हणून ओळखला जातो. त्यानंतरच्या सीपी४.२ मध्ये दोनच पिस्टन आहेत. त्यांना ढकलणारे रोलर कॅमवर फिरतात, दाब सुमारे २,००० बारपर्यंत जातो आणि या सगळ्याला वंगण मिळते ते केवळ डिझेलचेच. इंधनात हवा किंवा पाणी शिरले, वंगणक्षमता घटली, की रोलर आपल्या रेषेतून वळू शकतो आणि कॅमवर फिरण्याऐवजी घासू लागतो. मग पंपातून निघालेला धातूचा चुरा रेल, इंजेक्टर आणि परतीच्या नळीवाटे थेट टाकीपर्यंत पोहोचतो. एक पंप बदलून काम भागत नाही. संपूर्ण इंधनप्रणाली बदलावी लागते आणि खर्च आठ-दहा हजार डॉलरच्या घरात जातो.

हा पंप फोर्डच्या २०११ पासूनच्या ६.७ लिटर पॉवर स्ट्रोक इंजिनांत आणि जनरल मोटर्सच्या २०११ ते २०१६ च्या एलएमएल ड्युरामॅक्समध्ये आहे. रॅमने तो ६.७ लिटर कमिन्समध्ये २०१९ आणि २०२० या दोनच वर्षी वापरला, २०२१ पासून पुन्हा सीपी३ कडे वळली आणि आधीच्या दोन लाखांहून अधिक गाड्या परत बोलावून त्यांचे पंप बदलण्याचा निर्णय घेतला. या पंपावरून अमेरिकी न्यायालयांत ग्राहकांचे सामूहिक दावेही दाखल झाले. वापरलेली पिकअप घेणाऱ्याने मैलांच्या आकड्याआधी पंपाची चौकशी करावी, ती यासाठीच.

अशा गाडीत प्रत्येक टाकीबरोबर वंगणवर्धक घालणे शहाणपणाचे आहे. हिशेब सोपा आहे. वर्षाला १५,००० मैल आणि गॅलनला १५ मैल धरले तर १,००० गॅलन डिझेल लागते. पंचवीस डॉलरची बाटली २५० गॅलनला पुरते असे मानल्यास वर्षाचा खर्च शंभर डॉलर होतो. मात्र हा विमा नव्हे. बाटलीमुळे झीज कमी होण्याची शक्यता वाढते. सदोष रचना दुरुस्त होत नाही. पंप फुटल्यास चुरा इंजेक्टरपर्यंत पोहोचू न देणारे बायपास संचही बाजारात मिळतात. ते पंप वाचवत नाहीत, पुढची प्रणाली वाचवतात. एक विरोधाभास असा की जैवडिझेलचे दोन टक्के मिश्रणसुद्धा वंगणक्षमता चांगलीच सुधारते, आणि अमेरिकी प्रमाणकानुसार पाच टक्क्यांपर्यंतचे जैवडिझेल पंपावर वेगळे लेबल न लावताही विकता येते. मिनेसोटात तर उन्हाळ्यात २० टक्के मिश्रण विकले जाते. तिथे वंगणवर्धकावर पैसे खर्च करण्याचे कारण फारसे उरत नाही. जैवडिझेल पाणी अधिक शोषते आणि थंडीत लवकर गोठते, हा त्याचा दुसरा पैलू.

थंडीच्या बाबतीत मात्र वादाला जागाच नाही. डिझेलमध्ये पॅराफिन, म्हणजे मेण, असते. तापमान ‘क्लाउड पॉइंट’च्या खाली गेले की त्याचे स्फटिक बनून इंधन गढूळ होते, आणि आणखी उतरले की ते स्फटिक फिल्टरमध्ये अडकून गाडी बंद पडते. मिशिगन किंवा मिनेसोटातील पंपांवर हिवाळ्यात आपोआप हिवाळी मिश्रण येते. फसगत होते ती प्रवासात. ॲरिझोनात टाकी भरून स्कीइंगसाठी कोलोरॅडोत गेलेल्या गाडीच्या टाकीत ॲरिझोनाच्या हवामानाचे डिझेल असते. फेब्रुवारी २०२१ मध्ये डॅलसचे तापमान उणे २ फॅरनहाइटपर्यंत उतरले, तेव्हा दक्षिणेतील गाड्यांनाही हा धडा मिळाला. अँटी-जेल ॲडिटिव्ह मेण तयार होऊ देत नाही असे नाही. ते स्फटिक लहान ठेवते, जेणेकरून ते फिल्टरमधून निसटतील. म्हणूनच ते इंधन कोमट असताना, टाकी भरण्याआधी घालावे लागते. मेण एकदा जमल्यावर पांढऱ्या बाटलीचा उपयोग नाही. तेव्हा गोठलेले इंधन विरघळवणारे आणीबाणीचे वेगळे उत्पादन आणि नवा फिल्टर लागतो, किंवा उबदार गॅरेज आणि भरपूर संयम.

सीटेनवर्धकाबद्दल जाहिराती जेवढा गाजावाजा करतात, तेवढा लाभ बहुतेकांना जाणवत नाही. हे रसायन सीटेन अंक काही अंशांनी वाढवते. थंड सकाळी इंजिन लवकर सुरू होते, आवाज थोडा मऊ होतो. मैलांचा आकडा वाढवण्याच्या दाव्यांकडे संशयाने पाहावे. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक उपकरणे आणि ॲडिटिव्ह तपासली आहेत. अर्थपूर्ण फरक जवळपास कुठेच आढळला नाही. बाटलीवर ‘ईपीए नोंदणीकृत’ असे छापलेले असले, तरी ती नोंदणी आहे, शिफारस नव्हे.

पाण्याच्या बाबतीत बाटली निवडताना सर्वाधिक काळजी हवी. काही उत्पादने पाणी इंधनात विखरून टाकतात आणि ते इंजेक्टरमधून जाते. काही ते वेगळे करून खाली बसवतात, म्हणजे फिल्टरखालची चावी उघडून ते काढून टाकता येते. आधुनिक उच्चदाब प्रणालीसाठी दुसरा प्रकार योग्य. अल्कोहोल असलेली उत्पादने टाळावीत, कारण अल्कोहोल वंगणक्षमता घटवते. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत टाकी भरलेली ठेवली की आत ओल धरायला जागा कमी उरते. पाणी साचून जिवाणू-बुरशी वाढलीच, तर त्यासाठी जैवनाशक वेगळे असते.

जुन्या मेकॅनिकांचा एक घरगुती उपाय आजही ऐकू येतो: टाकीत थोडे टू-स्ट्रोक ऑइल किंवा गिअरचे तेल ओतावे. २००७ नंतरच्या गाड्यांत हे टाळलेलेच बरे. धूर गाळणाऱ्या डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरमध्ये काजळी जळून जाते; तेलातील धातूंची राख मात्र जळत नाही, साचत राहते. राख न सोडणारे आणि कमी गंधकाच्या संघीय नियमात बसणारे उत्पादनच घ्यावे. तसे बाटलीवर लिहिलेले असते. आणि निळ्या टोपणाच्या टाकीतील डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड हे इंधनाचे ॲडिटिव्ह नाही. ते चुकून डिझेलच्या टाकीत गेल्यास इंजिन सुरू न करता गाडी टो करून न्यावी.

वॉरंटीची भीती दोन्ही टोकांनी दाखवली जाते. फोर्ड स्वतः मोटरक्राफ्ट नावाने डिझेल ॲडिटिव्ह विकते आणि कमिन्सने पॉवर सर्व्हिसच्या उत्पादनांची शिफारस केली आहे. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार बाहेरचे उत्पादन वापरले, एवढ्या कारणावरून वॉरंटी नाकारता येत नाही. त्या उत्पादनामुळेच बिघाड झाला असेल तर गोष्ट वेगळी. प्रत्यक्षात मोठा वाद ॲडिटिव्हवरून होत नाही, पाण्यावरून होतो. पंप निकामी झाल्यावर सेवा केंद्राला इंधनात पाणी किंवा पेट्रोल आढळले, तर खराब इंधनाने झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, आणि दहा हजार डॉलरचे बिल मालकाच्या हाती येते. अशा वेळी उपयोगी पडतात त्या डिझेलच्या पावत्या, इंधन फिल्टर वेळेवर बदलल्याची नोंद आणि दुरुस्तीआधी मालकाच्या समोर काढलेला इंधनाचा नमुना. खप मोठा असलेल्या पंपावरच टाकी भरावी आणि जमिनीखालच्या टाकीत टँकर रिकामा होत असेल तर पुढच्या पंपापर्यंत जावे, कारण त्या वेळी तळाचा गाळ आणि पाणी वर आलेले असते.