देशमुख, गणपतराव

(१० ऑगस्ट १९२६ – ३० जुलै २०२१). शेतकरी कामगार पक्षाचे नेते व सांगोला (जि. सोलापूर) मतदारसंघातून ११ वेळा निवडून आलेले आमदार. व्यवसायाने वकील. सांगोल्यातून ते १९६२ मध्ये प्रथम विधानसभेवर गेले. १९७२ व १९९५ मध्ये त्यांचा पराभव झाला. मात्र १९७४ ची पोटनिवडणूक आणि १९९९ ते २०१४ या काळातील चारही निवडणुका त्यांनी जिंकल्या. १९७८ व १९९९ च्या आघाडी सरकारांत ते मंत्री होते.

सांगोला तालुका पर्जन्यछायेत येतो. त्यामुळे पाणी हाच त्यांच्या राजकारणाचा गाभा राहिला. नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासह त्यांनी आटपाडीच्या पाणी परिषदांतून दुष्काळी तालुक्यांसाठी कृष्णेच्या पाण्याची मागणी लावून धरली (→ टेंभू उपसा सिंचन योजना). फारसा कापूस न पिकणाऱ्या सांगोला भागात त्यांच्या पुढाकाराने सहकारी सूतगिरणी उभी राहिली (→ सहकारी चळवळ). पक्षाचे राज्यभरातील बळ ओसरल्यावरही त्यांनी पक्षांतर केले नाही, ही त्यांच्या कारकिर्दीतील ठळक बाब होय. आमदार असतानाही ते एसटीने प्रवास करीत. २०१९ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही. सोलापूर येथे त्यांचे निधन झाले.

(पहा : शेतकरी कामगार पक्ष; सोलापूर जिल्हा).