साडेतीन महिन्यांचे मंत्रिमंडळ

ज्या जिल्ह्याला १९८१ पासून आपण रायगड म्हणतो, त्या जुन्या कुलाब्याच्या किनाऱ्यावर उभे राहून मुंबईच्या एका विसरलेल्या मंत्रिमंडळाची गोष्ट आम्ही सांगावी, हे काही श्रोत्यांना अप्रस्तुत वाटेल. परंतु १९३७ च्या एप्रिलात ते मंत्रिमंडळ अधिकारावर आले, तेव्हा अलिबाग तालुक्यातील चरीच्या कुळांच्या संपाचे चौथे वर्ष चालू होते. खोताची जमीन नांगरायचीच नाही, असा निश्चय त्यांनी १९३३ च्या ऑक्टोबरात नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली केला होता. त्या कुळांच्या बाजूने पाहिले म्हणजे बहुमत नसलेले सरकार काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे चांगले उमगते.

१९३५ च्या कायद्यान्वये निवडणुका झाल्या. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी जवळजवळ निम्म्या काँग्रेसने जिंकल्या. दुसरा कोणताही पक्ष तिच्या जवळपासही नव्हता. या आपल्या जिल्ह्याने डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे महाडच्या सुरबानाना टिपणीसांना निवडून दिले. काँग्रेसचे नेते बाळासाहेब खेर यांना गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांनी पाचारण केले. आपले खास अधिकार गव्हर्नर वापरणार नाहीत असे आश्वासन मिळाल्याखेरीज अधिकार घ्यायचा नाही, असे काँग्रेसचे ठरले होते. आश्वासन मिळाले नाही, खेरांनी नकार दिला. नवी राज्यव्यवस्था तर १ एप्रिलला सुरू व्हायची होती. नवरदेव रुसला तरी मुहूर्त टळू द्यायचा नाही, असा सरकारचा बेत!

तेव्हा सर धनजीशा कूपर पुढे झाले. हे साताऱ्याचे पारशी गृहस्थ ब्राह्मणेतर पक्षाच्या राजकारणातले, आणि सातारारोडच्या लोखंडी नांगरांच्या कारखान्याचे धनी. ज्या प्रांताचा मुख्य प्रधान नांगर करणारा, त्याच प्रांतात चरीची जमीन नांगरावाचून पडावी, हा योगायोगच म्हणायचा. त्यांच्याबरोबर तिघे: धारवाडकडचे सर सिद्दप्पा कांबळी, मुंबईचे हुसेनअली रहिमतुल्ला आणि लोकशाही स्वराज्य पक्षाचे जमनादास मेहता. पहिले दोघे आले यात नवल नाही. पण टिळकांच्या परंपरेतले, सरकारवर सतत तुटून पडणारे जमनादास या पंगतीला कसे बसले? त्यांच्यावर तेव्हा टीकेचा भडिमार झाला, आणि सगळीच टीका अन्यायाची होती असे आम्ही म्हणणार नाही.

तथापि जमनादासांनी मंत्रिपद घेताना एक अट घातली होती, असे सावरकरांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. तात्याराव सावरकर १९२४ पासून रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. मूळ मुदत पाच वर्षांची, ती वाढत वाढत तेरा वर्षांवर गेली होती. १० मे १९३७ रोजी ते निर्बंध उठले. त्याच वर्षाअखेर अहमदाबादेस ते हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले. त्यांच्या पुढच्या राजकारणाविषयी मतभेद असोत. पण एवढे मोठे काम या दुबळ्या मंत्रिमंडळाच्या हातून झाले, कारण त्याला विधानसभेची संमती लागत नव्हती. हुकूम निघाला की काम भागत होते.

चरीच्या कुळांचे दुःख हुकमाने सुटणारे नव्हते. जमिनीवर कुळाचा हक्क काय, पिकाचा वाटा किती, खोताची सत्ता कुठे संपते, या गोष्टींना कायदा पाहिजे; कायद्याला सभा पाहिजे; आणि सभा बोलावली की पहिल्याच दिवशी अविश्वासाचा ठराव! म्हणून सभा बोलावलीच नाही. पहिली बैठक सहा महिन्यांच्या आत भरवणे बंधनकारक होते, तेवढीच काय ती मुदत. चौघे मंत्री कचेरीत बसत, कागदांवर सह्या करीत, आणि इकडे चरीची माणसे मिळेल ती मोलमजुरी करून घरातली चूल पेटती ठेवीत. मद्रास, बिहार, संयुक्त प्रांत, मध्यप्रांत, ओरिसा येथेही अशीच औटघटकेची मंत्रिमंडळे होती. पण चरीसारखे गाव ज्याच्या दाराशी, त्या मुंबई सरकारचा लंगडेपणा आम्हांस अधिक बोचतो.

जूनमध्ये व्हाइसरॉयांनी नरमाईचे निवेदन केले. जुलैच्या आरंभी वर्ध्यास काँग्रेस कार्यकारिणीने अधिकारग्रहणास मान्यता दिली. कूपर पायउतार झाले आणि १९ जुलैला खेरांचे मंत्रिमंडळ आले. त्यात मुनशी, लठ्ठे, डॉ. गिल्डर अशी वजनदार माणसे होती, आणि महसूल खाते मोरारजी देसायांकडे होते. अशा बहुमताच्या सरकारनेही कुळांना लगेच न्याय दिला असे कोणी समजू नये. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक सभेत मांडले, ते मंजूर झाले नाही. पण निदान मांडायला सभा तरी होती. कुळकायदा झाला तो १९३९ साली, आणि त्याच वर्षी चरीची कुळे पुन्हा शेतात उतरली.