केंब्रिजची वाट

विद्येच्या गावाचा इतिहास सांगताना आपण तेथील गुरूंची नावे घेतो आणि ग्रंथालयांतील पोथ्या मोजतो. त्या गावी माणसे पोचत कशी, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक पायी काशीला जाऊन शास्त्री होऊन आलेल्या पूर्वजांच्या कथा आपल्याकडे पुष्कळ घरांतून ऐकू येतात, आणि त्या कथांत काशीतल्या अध्ययनापेक्षा वाटेचेच वर्णन अधिक असते. आज आम्ही ज्या वाटेविषयी बोलणार आहोत ती इंग्लंडातील केंब्रिजची. रँग्लर परांजपे यांच्यामुळे १८९९ पासून हे नाव महाराष्ट्राला घरचे झाले आहे. परंतु त्या गावाच्या वाटेवर शतकानुशतके एक पहारा होता. कोणी यावे, केव्हा यावे आणि किती अंतरावर थांबावे, हे तेथे रस्त्याने ठरत नसे, विद्यापीठ ठरवीत असे.

आरंभ मात्र निराधार वाटसरूंनी झाला. १२०९ साली ऑक्सफर्डमध्ये एका स्त्रीचा खून झाला आणि त्या प्रकरणी गावकऱ्यांनी दोघातिघा विद्यार्थ्यांना फासावर चढविले. घाबरलेले गुरुशिष्य गाव सोडून निघाले, आणि त्यांतले काही पूर्वेकडे केंब्रिजला येऊन राहिले. गाव लहान, उत्तरेला मैलोगणती दलदल, पण नदी सोयीची होती. केम नदीतून ऊझ नदीत आणि तेथून किंग्ज लिन या बंदरापर्यंत होड्या जात. गावाजवळ भरणाऱ्या स्टूअरब्रिजच्या जत्रेला या पाण्याच्या वाटेने माल येई, आणि ती जत्रा एके काळी युरोपातल्या मोठ्या जत्रांत गणली जात असे. म्हणजे व्यापाऱ्यांना केंब्रिज सापडले होते, त्यानंतर विद्यार्थी आले.

लंडन येथून सुमारे पंचावन्न मैल. या रस्त्यावरचा पहिला नामांकित पुरुष कोणी पंडित नव्हे, तर एक गाडीवान होता. टॉमस हॉब्सन त्याचे नाव. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि सतराव्याच्या आरंभी तो केंब्रिजहून लंडनला माल आणि टपाल नेत असे. लंडनमध्ये बिशप्सगेटच्या ‘बुल’ नावाच्या खानावळीत त्याचा उतारा असे. गाडीचे घोडे रिकामे असतील तेव्हा तो ते विद्यार्थ्यांना भाड्याने देई. तबेल्यात सुमारे चाळीस घोडी होती म्हणतात. आता विद्यार्थी म्हटला की तो चांगले घोडे हेरणार आणि दामटणार. चार तेजस्वी जनावरे रोज राबत आणि बाकीची चारा खात उभी राहत, हे हॉब्सनला परवडेना. म्हणून त्याने नियम केला की दाराजवळ जे घोडे उभे असेल तेच मिळेल. हवे असल्यास घ्यावे, नको असल्यास पायी जावे. उमरावाचा मुलगा असो वा पाळकाचा, नियम एकच. यावरून इंग्रजीत ‘हॉब्सनची निवड’ असा वाक्प्रचार पडला. निवड म्हणायची, पण निवडण्यासारखे काही नाही, असा त्याचा अर्थ. आमच्या मते त्या काळच्या केंब्रिजमध्ये खरी समता कोठे असेल तर ती या तबेल्यात होती.

१६३० साली लंडनमध्ये प्लेग पसरला आणि हॉब्सनच्या फेऱ्या बंद करण्यात आल्या. ऐंशी ओलांडलेला तो म्हातारा घरी बसला, आणि १ जानेवारी १६३१ रोजी वारला. त्या वेळी ख्राइस्ट्स कॉलेजात शिकत असलेल्या जॉन मिल्टनने त्याच्यावर दोन विनोदी मृत्युकविता लिहिल्या. चालणे थांबले म्हणून मेला, अशी त्यांतली कल्पना आहे. पुढे ‘पॅरॅडाइज लॉस्ट’ लिहिणाऱ्या कवीने एका गाडीवानासाठी लेखणी उचलली, यावरून त्या गावात त्याचे स्थान काय होते ते कळते. गावात स्वच्छ पाणी आणणाऱ्या कालव्यालाही आज हॉब्सनचेच नाव आहे.

हॉब्सननंतर शंभर वर्षांनी वाटेला माप मिळाले. विल्यम माउज आणि रॉबर्ट हेअर या दोघा गृहस्थांनी केंब्रिजभोवतीच्या रस्त्यांच्या दुरुस्तीसाठी पैसा ठेवला होता आणि त्याची व्यवस्था ट्रिनिटी हॉल या कॉलेजकडे होती. तेथील विल्यम वॉरेन नावाच्या अध्यापकाने १७२५ ते १७२७ या काळात लंडनच्या दिशेने बार्कवे गावापर्यंत साखळीने अंतर मोजून मैलामैलावर दगड बसविले. असे सोळा दगड झाले. रोमन लोक गेल्यानंतर ब्रिटनमध्ये बसलेले हे पहिले मैलाचे दगड मानतात, आणि त्यांतले काही अजून जागेवर आहेत. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे की वॉरेनने शून्य कोठे धरले? बाजारात नाही, नदीच्या पुलावर नाही. ग्रेट सेंट मेरी या विद्यापीठाच्या देवळाच्या भिंतीशी. हे देऊळ श्रोत्यांनी लक्षात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे.

यानंतर आगगाडी आली, आणि पहारा प्रथमच कायद्याच्या भाषेत लिहिला गेला. ईस्टर्न काउंटीज कंपनीचा लोहमार्ग १८४५ च्या जुलैअखेर केंब्रिजला पोचला. लंडन चार तासांच्या आत आले. विद्यापीठाच्या वडीलधाऱ्यांना लंडन जवळ यायला नको होते. लंडनमध्ये नाटकगृहे होती, पलीकडे न्यूमार्केटला घोड्यांच्या शर्यती होत्या, आणि वीस वर्षांच्या मुलाच्या खिशात पैसे होते. म्हणून १८४४ च्या रेल्वेच्या कायद्यात विद्यापीठाने आपली कलमे घालून घेतली. विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांना, म्हणजे शिस्त राखणाऱ्या प्रॉक्टरांना, स्टेशनात केव्हाही शिरण्याची मुभा मिळाली. उच्च पदवी नसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याकडे त्यांनी बोट दाखविले, तर कंपनीने त्याला चोवीस तास गाडीत घ्यायचे नाही, मग त्याने तिकिटाचे पैसे भरलेले का असेनात. रविवारी सकाळी दहापासून सायंकाळी पाचपर्यंत केंब्रिजला, किंवा केंब्रिजपासून तीन मैलांच्या आत, एकाही उतारूला चढवायचे नाही की उतरवायचे नाही. मोडल्यास पाच पौंड दंड.

या कलमांचे हसू येते खरे, परंतु त्यामागची वृत्ती आपल्याला अपरिचित नाही. गुरुकुल गावापासून दूर असावे, शिष्याला बाजाराचा वारा लागू नये, ही कल्पना आपलीही आहेच. भेद इतकाच की आपल्याकडे शिष्याला रानात नेत; केंब्रिजने विद्यार्थ्याला गावातच ठेवले आणि रानाचे काम रेल्वे कंपनीकडून करून घेतले. १८५१ साली कुलगुरू कॉरी यांनी रविवारच्या सहलीच्या गाड्यांविरुद्ध कंपनीला कडक पत्र लिहिले. असल्या गाड्या विद्यापीठाला नापसंत आहेत आणि देवालाही त्या रुचणार नाहीत, असा त्याचा आशय होता. देवाचे मत त्यांनी कसे मिळविले ते पत्रात नाही.

केंब्रिजचे स्टेशन गावाच्या मध्यापासून मैलभर दूर आहे. विद्यापीठाने ते बाहेर हाकलले, अशी आख्यायिका तेथे जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकायला मिळते. आम्हांला ती जशीच्या तशी मान्य नाही. लोहमार्ग ईली गावाकडे आणि पुढे नॉरिचकडे जायचा होता, आणि त्याला गावाच्या पूर्वेची मोकळी सपाट जमीन सोयीची होती. मात्र गावाच्या पोटात स्टेशन आणण्याच्या पुढच्या योजनांना विद्यापीठाचा विरोध होता, एवढे खरे. त्या स्टेशनाची आणखी एक गंमत अशी की तेथे प्रवाशांसाठी मुख्य फलाट एकच होता, लांबच लांब. लंडनकडे जाणारी आणि लंडनहून येणारी, दोन्ही गाड्या त्याच फलाटाच्या दोन टोकांना लागत. पलीकडे दोन बाजूंचा नवा फलाट झाला तो २०११ साली.

ज्या आगगाडीला विद्यापीठाने इतका अटकाव केला, तिच्यावाचून एका निराळ्या वर्गाला विद्या मिळणेच शक्य नव्हते. हा वर्ग म्हणजे स्त्रिया. एमिली डेव्हिस या बाईंनी १८६९ साली स्त्रियांचे कॉलेज काढले, पण केंब्रिजमध्ये काढण्याचे धैर्य झाले नाही. त्यांनी जागा घेतली हिचिनला, केंब्रिजपासून पंचवीस-सत्तावीस मैलांवर. लंडनहून आणि केंब्रिजहून दोन्हीकडून तेथे आगगाडी जात होती, हाच त्या जागेचा गुण. विद्यार्थिनी पाच. केंब्रिजचे अध्यापक गाडीत बसून हिचिनला येत, धडा देत आणि परतीच्या गाडीची वेळ पाहून उठत. गुरू शिष्याकडे प्रवास करून येतो आणि शिष्येला मात्र गुरूच्या गावी राहता येत नाही, अशी ती उफराटी व्यवस्था होती. १८७३ मध्ये कॉलेज पुढे सरकले, पण तेही गर्टन या खेड्यापर्यंतच. गाव अडीच मैलांवर राहिले. तरुण मुलांपासून अंतर असले म्हणजे आईबापांची आणि टीकाकारांची तोंडे बंद राहतील, हा हिशेब होता.

येथे आम्हांला हिंगण्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० साली आपला विधवाश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला. फर्ग्युसनमधले शिकविणे आटोपून ते पायी तेथे जात. प्लेगचे दिवस होते, आणि शहरातला विरोधही होताच. स्त्रीशिक्षणाच्या दोन्ही वाटा गावाच्या वेशीबाहेरून गेल्या, ही गोष्ट केवळ योगायोगाची नसावी.

२१ मे १८९७ हा दिवस केंब्रिजच्या इतिहासात फारसा भूषणावह नाही. स्त्रियांना पदवी द्यावी की नाही, यावर त्या दिवशी मतदान होते, आणि मताचा अधिकार देशभर विखुरलेल्या जुन्या एम. ए. मंडळींना होता. त्यांच्यासाठी लंडनहून खास गाड्या सोडण्यात आल्या, आणि गाड्यांच्या वेळा ‘टाइम्स’ पत्रात छापल्या गेल्या. सेनेट हाऊससमोर सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा विद्यार्थ्यांनी टांगला होता. पदवी मागणारी स्त्री स्वतःच्या चाकांवर हिंडते, हेच त्यांना झोंबले असावे. ठराव मोठ्या बहुमताने पडला. पन्नास वर्षांपूर्वी ज्या गाडीला विद्यापीठ अनीतीचे वाहन समजत होते, त्याच गाडीने ते आपले रक्षणकर्ते बोलावून आणले. स्त्रियांना पूर्ण पदवी मिळाली ती १९४८ साली. दरम्यान १८९० मध्ये न्यूनम कॉलेजच्या फिलिपा फॉसेट गणिताच्या परीक्षेत सीनिअर रँग्लरच्याही वर आल्या होत्या. पण ती पदवी त्यांच्या नावापुढे लागू शकली नाही.

त्या मतदानाच्या वेळी दापोली तालुक्यातील मुर्डी गावचा एक तरुण सेंट जॉन्स कॉलेजात शिकत होता. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९६ मध्ये सरकारी शिष्यवृत्ती घेऊन गेले होते. १८९९ साली ते सीनिअर रँग्लर झाले, एका इंग्रज विद्यार्थ्याच्या जोडीने. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. कर्वे त्यांचे आप्त, आणि परांजप्यांच्या शिक्षणाची काळजी त्यांनीच वाहिलेली. परत आल्यावर परांजपे फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले. केंब्रिजची वाट कोकणातल्या खेड्यापासून निघून पुण्यात येऊन मिळाली ती अशी. त्याच वाटेने पुढे १९५७ साली जयंत नारळीकर गेले. ते ज्या फिट्झविल्यम हाऊसमध्ये दाखल झाले, ती संस्था कॉलेजचा खर्च न पेलणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी १८६९ मध्ये, म्हणजे हिचिनच्याच वर्षी, उघडलेली होती.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांना जोडणारा लोहमार्ग होता. त्याची केंब्रिजकडील प्रवासी वाहतूक १९६७ अखेर बंद पडली. लॉर्ड्स ब्रिजजवळ त्या सोडलेल्या सरळ मार्गावर मार्टिन राइल यांनी १९७२ मध्ये पाच किलोमीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभारली. तिच्या आठ तबकड्यांपैकी चार रुळांवरून सरकविता येतील अशा होत्या. सेंट आइव्हजच्या बंद मार्गावर २०११ पासून खास बांधलेल्या वाटेने बस धावते. लंडनचा मोटाररस्ता १९८० मध्ये पुरा झाला.

विमानाने येणाऱ्यास गावाजवळचा विमानतळ फारसा उपयोगी पडला नाही. मार्शल कुटुंबाने १९३८ मध्ये तो उघडला, पण तेथे विमाने दुरुस्त करण्याचेच काम मोठे झाले. खरा दरवाजा ठरला स्टॅन्स्टेड. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, अमेरिकन वायुदलाने वापरात आणलेली ही धावपट्टी. १९९१ मध्ये तेथे प्रवाशांसाठी नवी इमारत आणि रेल्वे स्टेशन झाले, आणि आता तेथून केंब्रिज आगगाडीने अर्ध्यापाऊण तासावर आहे. मुंबईचे विमान बहुधा हीथ्रोला उतरते. तेथून २०२२ पासून एलिझाबेथ लाइनने थेट लिव्हरपूल स्ट्रीटला जाता येते, आणि लिव्हरपूल स्ट्रीटहून केंब्रिजची गाडी सुटते. किंग्ज क्रॉसहून मधे न थांबणारी गाडी पकडली तर पन्नास मिनिटे पुरतात. हॉब्सनचे घोडे ज्या बिशप्सगेटला सोडले जात, तो रस्ता लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनाला लागूनच आहे.

रविवारची बंदी केव्हाच गेली, आणि स्टेशनावर प्रॉक्टर दिसत नाहीत. एक माप मात्र राहिले आहे. पदवीसाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने सत्राच्या काळात ग्रेट सेंट मेरी देवळापासून तीन मैलांच्या आत राहावे, असा विद्यापीठाचा नियम आहे. वॉरेनने साखळीचे टोक जेथे टेकविले होते तेथूनच हे अंतर मोजतात. गर्टन त्यात बसते.